पेल्यावरचं नाव

चैत्रातल्या एखाद्या दुपारी हळदीकुंकवासाठी मांडणीवरचे पेले उतरवायला घ्यावेत आणि मोजता मोजता एक पेला हाताला वेगळाच लागावा. जरा जड, काठ जाड. उजेडात धरला की खाली कोरलेलं दिसतं, ‘सौ. सु. ग. १९८४’. ही सु. ग. कोण, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. असा एखादा परका पेला नसलेलं स्वयंपाकघर पुण्यात शोधूनच काढावं लागेल. कधीतरी चैत्रगौरीला शेजारून पेले आणले आणि एक परत करायचा राहिला, एवढाच तो इतिहास.

भांड्यांवर नावं घालायची पद्धत त्यासाठीच तर पडली. तुळशीबागेत भांडं घेतलं की दुकानदार यंत्र लावून घर्रकन नाव काढून देतो. भांडं शेजारी जाणार हे गृहीतच. आता पेले मागायला जायचा संकोच वाटतो आणि शंभर कागदी पेल्यांची चळत आणायचा वाटत नाही. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे देशभर बंद झाले आणि त्यांच्या जागी हा कागद आला. नावाचाच कागद. आतून त्याला प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर पन्हं झिरपत नाही. खतात तो कुजत नाही आणि उष्टा, चिकट पेला सुक्या कचऱ्यातूनही कोणी वेचून घेत नाही.

मुळात तीस जणी येणार म्हणजे तीस पेले लागणार, हा हिशेबच चुकतो. पाच ते साडेसात अशी वेळ दिली की चार-पाच जणींचा घोळका येतो, वीस मिनिटं टेकतो आणि पुढच्या घरी जातो. सोळा पेले पुरतात. पन्ह्याला तेलकटपणा नसतो, त्यामुळे दोन बादल्यांत लागोपाठ विसळून पंच्याने पुसले की झालं, साबण लागत नाही. पहिल्या बादलीतलं पाणी गढूळलं की ते झाडांना घालावं आणि बादल्यांची अदलाबदल करावी.

पन्ह्यासाठी किलोभर कैरी तीस पेल्यांना पुरते. देठ कापून कैऱ्या तासभर पाण्यात ठेवाव्यात, नाहीतर चीक उतरतो आणि घसा खवखवतो. उकडून, गरम असतानाच साल काढली तर गर पाऊण किलोच्या आत-बाहेर निघतो. त्याला तेवढाच गूळ, कैरी फार आंबट असेल तर थोडा जास्त. मीठ, वेलची, आणि वाढायच्या वेळी चौपट पाणी. हे पाणी माठातलं असलं की बर्फाच्या पिशव्या आणाव्या लागत नाहीत. पुण्याची एप्रिलमधली हवा कोरडी, त्यामुळे इथे माठ गारही छान होतो. मात्र हौसेने पन्हंच माठात ओतू नये. गूळ आणि आंबट माठाच्या छिद्रांत बसतं, पाझर थांबतो आणि वास जात नाही. तो माठ मग झाडाखाली ठेवायच्या कामाचा. आजीच्या पितळी पातेल्याचाही मोह असतो. आतून कल्हई उडून पिवळं दिसत असेल तर पन्हं कळकणारच. कसब्यातली तांबट आळी अजून आहे, पण कल्हईची आठवण आदल्या दिवशी होऊन उपयोग नाही. स्टीलचं तोटीचं पिंप घ्यावं आणि तोटीखाली पेला मावतो का, हे भरण्याआधी बघावं.

डाळीचं मात्र घड्याळाशी नातं आहे. किलोभर हरभरा डाळ चार-पाच तासच भिजवायची. या उन्हाळ्यात ती रात्रभर पाण्यात राहिली तर सकाळी फेस आणि आंबूस वास. पाणी न घालता भरड वाटावी. गुळगुळीत झाली की तिची चटणी होते, मग कितीही कैरी घाला. मीठ आणि कैरीचा कीस वाढायच्या अर्धा तास आधी, कारण मिठाने पाणी सुटतं. फोडणी गार करून ओतावी. (हिला ‘वाटली डाळ’ म्हणणारी माणसं भेटतात. ती गणपतीची, निराळी. वाद घालू नये, वाढून मोकळं व्हावं.)

डाळीला पळसाचे द्रोण उत्तम. उन्हाने ते तडकतात, म्हणून तासभर आधी पाण्याचा हबका मारून ओल्या फडक्यात गुंडाळावेत. आदल्या रात्री भिजवले तर बुरशी धरतात. चकचकीत, यंत्रावर दाबलेले द्रोण दिसले की नखाने आतली कड खरवडून बघावी. पापुद्रा सुटला तर तेही कागदी पेल्याचेच भाऊबंद.

ओटीचे भिजवलेले हरभरे प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजतात आणि घरी पोचेपर्यंत वास मारतात. निरोपातच ‘रुमाल आणावा’ असं लिहावं. पुण्यात असल्या सूचनेचं कोणी मनाला लावून घेत नाही.

उरतं कलिंगड. त्याची कमळं कापणाऱ्यांना पुढे सालींचं काय होतं, हे बहुधा विचारायचं नसतं. पाच किलोच्या फळामागे दीड-दोन किलो साल निघते, आणि ती निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच. तशीच खताच्या पिंपात टाकली तर दुसऱ्या दिवशी चिलटं, तिसऱ्या दिवशी खाली काळं पाणी. बारीक चिरून, वर दुप्पट वाळका पाला घालावा. पाला या दिवसांत रस्त्यावर फुकट पडलेला असतो.

रात्री पेले पुसून मोजायला घ्यावेत. पंधराच भरतात. पुन्हा मोजले, बादलीत हात घालून पाहिलं, पिंपाखाली वाकून पाहिलं, तरी पंधराच. आपलं नाव घातलेल्यांतला एक कमी. सु. ग. मात्र आहे.