विंडो मॅनेजर, तिसरी नोंद: सरकवणं झालं, आकार बदलणं जवळपास झालं

पडद्यावरच्या विंडोंची जागा आणि आकार सांभाळणाऱ्या या प्रोग्रॅमची सध्याची स्थिती: ऑल्ट धरून डाव्या बटणानं विंडो सरकते, उजव्या बटणानं आठही बाजूंनी आकार बदलतो, एस्केप दाबलं की विंडो होती तिथे परत जाते. पडद्याच्या कडांना चिकटणंही चालू आहे. कोड सी भाषेत, थेट एक्सलिबवर (पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरशी बोलणारी लायब्ररी). सिंक काउंटर (विंडोतला मजकूर आकाराच्या मागे पडू नये म्हणून) बाकी आहे, त्याचं शेवटी.

या टप्प्यात निम्मा कोड पुसला गेला, कारण जुना हिशेबच चुकीच्या पायावर होता. प्रत्येक मोशननोटिफायला (माउस हलल्याचा इव्हेंट, म्हणजे सर्व्हरकडून येणारी सूचना) पॉइंटर किती हलला ते काढून तेवढंच विंडोच्या जागेत मिळवत जायचं, अशी ती पद्धत. आता बटण दाबलं त्या क्षणी चार आकड्यांची चौकट (क्ष, य, रुंदी, उंची) आणि पॉइंटरची जागा टिपली जाते, आणि बटण सुटेपर्यंतचा प्रत्येक हिशेब त्याच आकड्यांपासून नव्यानं होतो:

नवा क्ष = मूळ क्ष + (आताचा पॉइंटर − मूळ पॉइंटर)

पॉइंटरची जागा रूट विंडोच्या (म्हणजे पूर्ण पडद्याच्या) मापातली घ्यायची, म्हणजे इव्हेंटमधलं एक्स_रूट. नुसता एक्स घेतला तर तो विंडोच्या कोपऱ्यापासून मोजलेला असतो आणि कोपरा तर आपणच हलवत असतो. मग विंडो दोन जागांमध्ये थरथरत राहते. हे लक्षण दिसलं की दुसरीकडे शोधायची गरज नाही.

विंडोची जागा आणि माप विचारणारं एक्सगेटजॉमेट्री फक्त सुरुवातीला एकदा. दर हालचालीला विचारत बसलं तर प्रत्येक वेळी सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं.

बटण पकडताना नेहमीचा खड्डा: एक्सग्रॅबबटनला ऑल्ट एवढाच मॉडिफायर (बटणासोबत दाबलेली कळ) दिला, तर नमलॉक किंवा कॅप्सलॉक चालू असताना ड्रॅग सुरूच होत नाही, कारण मॉडिफायर तंतोतंत जुळावे लागतात. म्हणून एकाच बटणासाठी चार वेळा पकड: नुसतं ऑल्ट, ऑल्ट आणि कॅप्सलॉक, ऑल्ट आणि नमलॉक, तिन्ही मिळून. नमलॉक बहुतेक ठिकाणी मॉड२ वर असतो, पण तसं गृहीत न धरता एक्सगेटमॉडिफायरमॅपिंगमधून शोधलेलं बरं.

माउस इव्हेंटचा पूर येतो आणि प्रत्येकाला एक्समूव्हविंडो पाठवलं तर विंडो पॉइंटरच्या मागे रखडत येते. दोन उपाय एकत्र केले आहेत. रांगेत लागोपाठ असलेले मोशननोटिफाय गिळून शेवटचा तेवढा घ्यायचा, आणि इव्हेंटमधल्या वेळेनुसार दोन हालचालींत किमान १६ मिलिसेकंद ठेवायचे. यात दोन बारकावे आहेत. एक्सचेकटाइप्डइव्हेंट मधले इतर इव्हेंट ओलांडून रांगेत पुढचेही उचलतं, त्यामुळे बटनरिलीजनंतरची (बटण सुटल्यानंतरची) हालचालही आधीच खाल्ली जाऊ शकते. त्याऐवजी एक्सपीकइव्हेंटनं डोकावून, पुढचा खरोखर मोशन असेल तरच उचलावा. डोकावण्याआधी एक्सइव्हेंट्सक्यूडनं रांगेत काही आहे का ते पाहायचं, नाहीतर रिकाम्या रांगेवर ते अडकून बसतं. दुसरा बारकावा १६ मिलिसेकंदांचा: हात झटकन थांबला तर शेवटची हालचाल वगळली गेलेली असते. म्हणून बटनरिलीजमधले रूटचे आकडे घेऊन एकदा शेवटची जागा लावायचीच.

चिकटण्यासाठी सध्या १२ पिक्सेलचं अंतर ठेवलं आहे. मूळ आकड्यांवरून हिशेब करण्याचा खरा फायदा इथे कळतो. भर घालत जाणाऱ्या पद्धतीत विंडो कडेला एकदा चिकटली की सुटत नाही: हळू ओढलं तर दर इव्हेंटला एकदोन पिक्सेलच मिळतात आणि पुन्हा ती १२ च्या आत ओढली जाते. नव्या पद्धतीत पॉइंटर १२ च्या पलीकडे गेला की विंडो आपोआप सुटते. उजवी कड काढताना बॉर्डर विसरू नका. एक्समध्ये क्ष हा बॉर्डरसकट बाहेरचा कोपरा असतो, रुंदी मात्र बॉर्डर सोडून मोजलेली. म्हणून उजवी कड = क्ष + रुंदी + दोनदा बॉर्डर. एस्केपही फुकटात मिळालं, टिपलेली चौकट परत लावली की झालं. फक्त ड्रॅग चालू असेपर्यंत कीबोर्डची पकड घ्यावी लागते.

आता आकार. जास्त वेळ इथेच गेला.

कुठली कड हलवायची हे ठरवायला विंडोचे तीन गुणिले तीन भाग पाडले आहेत. दाबलेली जागा डाव्या तिसऱ्या हिश्शात असेल तर डावी कड, वरच्या हिश्शात असेल तर वरची, कोपऱ्यात दोन्ही. अगदी मधल्या चौकोनात दाबलं तर खालचा उजवा कोपरा.

उजवी किंवा खालची कड सोपी आहे. घोळ होतो तो डाव्या आणि वरच्या कडेचा, कारण तिथे रुंदी आणि क्ष दोन्ही बदलतात. पॉइंटर १० पिक्सेल उजवीकडे गेला म्हणून क्ष मध्ये १० मिळवले आणि रुंदीतून १० वजा केले, तर विंडो किमान मापाला पोचल्यावर रुंदी थांबते, क्ष मात्र वाढतच जातो. आकार बदलायला घेतलेली विंडो उजवीकडे चालू लागते. क्रम असा हवा: आधी हवी ती रुंदी काढा, मग तिला सगळ्या मर्यादा लावा, आणि उरलेल्या रुंदीवरून क्ष ठरवा.

क्ष = (मूळ क्ष + मूळ रुंदी) − अंतिम रुंदी

समोरची कड खिळ्यासारखी जागेवर राहिली पाहिजे. टर्मिनलवर हे लगेच तपासता येतं, कारण त्याची रुंदी अक्षराच्या पटीतच बदलते. समजा क्ष २००, रुंदी ५६४, पाया (अक्षरं सोडून उरणारी रुंदी) ४, पायरी (एका अक्षराची रुंदी) ७, म्हणजे ८० अक्षरं. बॉर्डर शून्य धरून उजवी कड ७६४ वर. डावी कड १० नं आत ओढली, तर मागितलेली रुंदी ५५४. त्यातून ४ गेले ५५०, भागिले ७ म्हणजे ७८ पूर्ण अक्षरं, म्हणून खरी रुंदी ५५०. क्ष झाला २१४. थेट २१० ठेवला असता तर उजवी कड ७६० वर आली असती आणि ओढताना सतत मागेपुढे नाचली असती.

मर्यादा डब्ल्यूएम_नॉर्मल_हिंट्समधून (प्रोग्रॅमनं आपल्या विंडोच्या मापांबद्दल दिलेल्या सूचना) येतात. क्रम: पाया वजा, रुंदी-उंचीचं गुणोत्तर, पायरीनं खाली उतरवणं, पाया परत मिळवणं, मग किमान आणि कमाल. आयसीसीसीएमनुसार (एक्सवर प्रोग्रॅम आणि विंडो मॅनेजर यांनी पाळायचे नियम) पाया दिला नसेल तर किमान माप पाया म्हणून वापरायचं, आणि उलटही. गुणोत्तराला मात्र ही सवलत नाही: पाया दिलेला असेल तरच तो वजा करायचा, नसेल तर काहीच वजा करायचं नाही. हा अपवाद सुटला की चित्र किंवा व्हिडिओ दाखवणाऱ्या विंडो किंचित चुकीच्या आकारात अडकतात.

हिंट्सवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पायरी शून्य आली तर भागाकारात प्रोग्रॅम कोसळेल, म्हणून एकपेक्षा कमी काहीही आलं की एक धरायचं. कमाल किमानपेक्षा छोटं असेल तर कमाल सोडून द्यायचं. सगळा हिशेब चिन्हासहित पूर्णांकात करायचा आणि पाठवण्याआधी रुंदी, उंची किमान १ करायची. प्रोटोकॉलमध्ये ही मापं १६ बिटांची, चिन्हाविना असतात: −१ गेला तर तो ६५५३५ म्हणून पोचतो, आणि ० गेला तर बॅडव्हॅल्यू येतं. एक्सलिबचा मूळ एरर हँडलर अशा चुकीवर प्रोग्रॅम बंद करतो, म्हणून स्वतःचा हँडलर हवाच. ओढता ओढता क्लायंट (ज्याची विंडो आहे तो प्रोग्रॅम) मेला की बॅडविंडो येतं, त्यासाठीही तो लागतो.

टायटल बारसाठी प्रत्येक क्लायंट एका फ्रेमच्या (आपण बनवलेल्या बाहेरच्या विंडोच्या) आत बसवलेला आहे. त्यामुळे नुसती फ्रेम सरकली की क्लायंटला काहीच कळत नाही, त्याच्या दृष्टीनं तो फ्रेममध्ये जिथे होता तिथेच आहे. परिणाम: विंडो सरकवल्यावर मेन्यू जुन्या जागी उघडतात. आकार न बदलता सरकवलं की रूटच्या मापातले आकडे भरून कॉन्फिगरनोटिफाय (जागा आणि माप कळवणारा इव्हेंट) आपण स्वतः एक्ससेंडइव्हेंटनं पाठवायचा. हे प्रत्येक हालचालीला न करता ड्रॅग संपल्यावर एकदाच केलं तरी बहुतेक प्रोग्रॅमांचं भागतं. कॉन्फिगररिक्वेस्ट (जागा किंवा माप बदलण्याची क्लायंटची मागणी) आली आणि आपण काहीच बदललं नाही, तरी तोच इव्हेंट पाठवणं बंधनकारक आहे. उत्तर मिळालं नाही तर काही क्लायंट वाट पाहत बसतात.

फ्रेमची पार्श्वभूमी ‘नन’ केल्यावर आकार वाढवताना येणारी पांढरी लुकलुक बरीच कमी झाली, कारण क्लायंटनं रंगवण्याआधी सर्व्हर तिथे काही भरत नाही.

चाचणी झेफरमध्ये (एका विंडोत चालणारा एक्स सर्व्हर), १२८०×७२० च्या पडद्यावर. बाहेरचा विंडो मॅनेजर ऑल्ट-ड्रॅग आधीच पळवतो, तेव्हा झेफरच्या विंडोत कंट्रोल-शिफ्ट दाबून कीबोर्ड-माउस आत अडकवायचे. आत एक्सटर्म (टर्मिनल) आणि एक्सईव्ही (आलेले इव्हेंट छापणारा प्रोग्रॅम) चालवलं की पायऱ्या आणि कॉन्फिगरनोटिफाय दोन्ही डोळ्यांसमोर येतात.

बाकी राहिलं ते _नेट_डब्ल्यूएम_सिंक_रिक्वेस्ट, म्हणजे सुरुवातीला म्हटलेला सिंक काउंटर. जड क्लायंट अजूनही फ्रेमच्या मागे पडतो, आतला मजकूर एक पाऊल उशिरा येतो. आराखडा असा: आकार पाठवण्याआधी क्लायंटला नवा ६४ बिटांचा आकडा कळवायचा, त्यानं रंगवून झाल्यावर काउंटर त्या आकड्यावर नेला की अलार्मनोटिफाय येईल, आणि तोवर पुढचा आकार रोखून धरायचा. गोठलेला क्लायंट काउंटर कधीच हलवणार नाही, म्हणून २०० मिलिसेकंदांची मुदत ठेवून पाहणार. ती संपली की त्या ड्रॅगपुरतं सिंक बंद करून जुन्या १६ मिलिसेकंदांच्या वाटेनं जायचं.