परत तिथंच, फरशी पुसायला

स्पेनला चाललेय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, बार्सिलोना का माद्रिद? म्हटलं नाही हो, ग्रान्योन. तीनशे माणसंही नसतील अशा गावात, चर्चच्या धर्मशाळेत फरशी पुसायला. पैसे किती देतात? काहीच नाही, तिकीटसुद्धा आपलंच. काकू थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "अगं मग आपल्या सोसायटीचा जिना काय वाईट आहे?"

काकूंचा मुद्दा तसा बिनतोडच आहे. पण कामिनो, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोची पायी यात्रा, एकदा चालून आलेल्या माणसाला हे समजावता येत नाही. फ्रान्सच्या हद्दीतल्या सां-झां-प्ये-द-पोर पासून सांतियागोपर्यंत साधारण 780 किलोमीटर पायी, आणि वाटेत मुक्कामाला आल्बेर्गे, म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळाच. 2024 मध्ये जवळजवळ पाच लाख लोकांनी सांतियागोला पोचून यात्रेचं सर्टिफिकेट घेतलं, त्यात श्रद्धाळू असतात, नोकरी सोडून आलेले असतात, घटस्फोट झालेले असतात, आणि बरेचसे नुसतेच हौशी. बऱ्याच आल्बेर्गे आता धंदेवाईक झाल्यात, बुकिंग करा कार्ड स्वाइप करा वगैरे, पण काही अजून देणगीवर चालतात आणि तिथं राबणारे सगळे व्हॉलंटियर. त्यांना ओस्पितालेरो म्हणतात. साधारण पंधरा दिवसांची पाळी असते, आधी छोटं ट्रेनिंग असतं आणि मुख्य अट म्हणजे तुम्ही स्वतः कामिनो चाललेले हवे. ज्याच्या पायाला कधी फोड आला नाही तो दुसऱ्याचा फोड काय बघणार.

ग्रान्योनची आल्बेर्गे सान हुआन बाउतिस्ता चर्चला चिकटूनच आहे. दगडी गोल जिना चढून वर जायचं, झोपायला जमिनीवर पातळ गाद्या. आणि एक उघडी पेटी, तिच्यावर लिहिलेलं की जमेल तेवढं ठेवा, लागेल तेवढं घ्या. कुलूप नाही काही नाही. काल जेवून गेलेल्यांनी जे टाकलं त्यात आजचा स्वयंपाक. पहिल्यांदा गेले तेव्हा मला या पेटीचं फार टेन्शन यायचं, रात्री उठून बघावंसं वाटायचं की उद्या कांदे येतील ना. आले. रोज आले.

तर या खेपेला आम्ही गेल्या वेळच्याच तिघांनी तारखा जुळवल्या होत्या. एक इटलीचे रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, मी त्यांना मनातल्या मनात बापूकाका म्हणते कारण ते सेम आमच्या बापूकाकांसारखे चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत असतात. दुसरी ब्राझीलची नर्स. तिघांची मिळून एक भाषा म्हणजे मोडकं स्पॅनिश, त्यात बापूकाका निम्मं इटालियन घुसडतात आणि मी गडबडीत "अहो थांबा" म्हणते आणि ते खरंच थांबतात. मधल्या काळात व्हॉट्सॲप ग्रुप होता. सकाळी उठून गुलाबाची फुलं आणि कॉफीचा कप पाठवणं ही फक्त आपल्याकडच्या काकांची मक्तेदारी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इटालियन काकांचा नंबर सेव्ह करून बघावा.

सांतो दोमिंगोपर्यंत बसनं गेले, तिथल्या कॅथीड्रलमध्ये जिवंत कोंबडा-कोंबडी पाळलेत त्यांना बघून घेतलं आणि पुढचे सहा-सात किलोमीटर चालतच गेले, डोक्यात आपलं चाललेलं की आता कशी गळाभेट होणार, रडूबिडू येणार की काय. जिना चढून वर गेले तर बापूकाका सिंकपाशी. वळून बघितलं, ओल्या हातानंच दोन्ही गालांवर पापे घेतले आणि माझ्या हातात सोलाणं दिलं. बटाटे टेबलावर होते. नर्सबाई आतून ओरडली, "आलीस? गाद्या झटकायच्यात अजून!"

बास, एवढंच स्वागत. सॅकपण उतरवली नव्हती मी.

आणि खरं सांगू, मला इतकं बरं वाटलं. पहिल्या वेळी माझं केवढं कौतुक होतं, इंडियाहून आली, एवढ्या लांबून आली, बस, दमली असशील. लग्नघरात पाहुण्याला सरबत मिळतं आणि घरच्याला "जरा तो नारळ आण रे" ऐकायला मिळतं, तसं माझं प्रमोशन झालं होतं.

मग रोजचं सुरू. सकाळी आठपर्यंत यात्रेकरू बाहेर, मग संडास-बाथरूम, गाद्या, ढेकूण नाहीत ना ते टॉर्च मारून बघणं (हे काम बापूकाकांचं, चष्मा सापडला तर), बाजार, आणि दुपारपासून परत माणसं. नऊ-दहा दिवस चालून इथवर आलेल्यांचे पाय बघवत नाहीत. नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी तुकोबांची पालखी मुक्कामाला असते तेव्हा वारकऱ्यांचे पाय चेपणारी पोरं मी लहानपणापासून बघितलीत, पण स्वतः कुणाचा पाय मांडीवर घेतला तो इथंच. एक उंच जर्मन आजोबा लाजून पाय मागं ओढत होते, नर्सनं घोटा असा पकडला की गप्प बसले. पाच मिनिटांत नातवंडांचे फोटो काढले दाखवायला.

रात्री चाळीसेक माणसांना मसूर. एके दिवशी मी पुण्याहून नेलेली मोहरी-हिंगाची फोडणी दिली, वासानं जिन्यावरची माणसं आत आली. बापूकाकांनी दोनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा पातेलंच पुसलं पावानं.

आता परत ग्रुपवर फुलं सुरू झालीयेत. काल मात्र गुलाबाखाली मेसेज होता, पुढच्या वेळी ती काळी मोहरी अर्धा किलो आण, आणि वजन जास्त झालं तर कपडे कमी आण.