लाइफ केअर प्लॅन : पुढच्या 40 वर्षांचा हिशोब इथे कसा मांडतात

घरात कोणाला मोठा ॲक्सिडेंट झाला, मणक्याला मार लागून हातपाय गेले किंवा मेंदूला इजा झाली, की आपल्याकडे आई नाहीतर बायको पदर खोचून उभी राहते आणि वर्षं निघत जातात. अमेरिकेत रिहॅबमध्ये, म्हणजे इजेनंतर पेशंटला पुन्हा जमेल तितकं स्वतःच्या पायावर उभं करतात तिथे, नर्स म्हणून काम करायला लागल्यावर मला पहिल्यांदा कळलं की या वर्षांचा हिशोब आधी कागदावर मांडता येतो, त्याला लाइफ केअर प्लॅन म्हणतात. पॉल डॉइच आणि फ्रेड राफा, एक रिहॅबवाला आणि एक अर्थतज्ज्ञ, यांनी 1981 च्या आसपास ही पद्धत मांडली आणि आज इथे हा प्लॅन बनवणं हा वेगळा पेशाच आहे, त्यात नर्सेस भरपूर.

म्हणजे करतात काय, तर पेशंटला घरी जाऊन भेटतात, सगळे रिपोर्ट वाचतात, डॉक्टर, फिजिओ सगळ्यांशी बोलतात आणि मग पेशंट जितकी वर्षं जगेल असा अंदाज आहे तितक्या वर्षांसाठी काय लागेल, किती वेळा लागेल, कधी बदलावं लागेल आणि त्याला किती पैसे पडतील हे एकेक लिहीत जातात. इलेक्ट्रिक व्हीलचेअर साधारण 5 वर्षांनी बदलायची, तिची गादी आणि बॅटरी त्याच्या आधीच. लघवीसाठी दिवसातून 5 वेळा कॅथेटर, म्हणजे नळी, घालावं लागत असेल तर वर्षाला 1,800 च्या वर झाले. रात्री दर 2 तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर होतो, आणि तो एकदा चिघळला की महिनोन्महिने अंथरूण. आज जो हाताने चाक फिरवतो त्याचे खांदे काही वर्षांनी कुरकुरणार, तेव्हा इलेक्ट्रिक खुर्ची लागणार, हेसुद्धा आत्ताच लिहायचं. आणि छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर लघवी तुंबली एवढ्या कारणानेही बीपी एकदम भडकतं, अशा वेळी पेशंटला आधी ताठ बसवायचं आणि नळी कुठे अडकलीय का ते बघायचं, हे घरातल्या प्रत्येकाला यायलाच हवं, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

पण मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो माणसांच्या तासांचा रकाना. आठवड्याचे तास 168. एक माणूस आठवड्याला 40 तास काम करतो असं धरलं तर चोवीस तास कोणीतरी जवळ हवं असलेल्या पेशंटला चारपेक्षा जास्त माणसं लागतात. घरात मात्र हे सगळं एकटी आई करत असते. आणि प्लॅनमध्ये ती करते म्हणून तो खर्च शून्य धरत नाहीत, तिचं वय वाढणार, तिची कंबर जाणार, एक दिवस ती नसणार, म्हणून बाहेरच्या माणसाचा दर लावून ते तास लिहितात. एवढ्या वर्षांत कोणी तिला विचारलेलं नसतं की बाई गं, तू रात्री झोपतेस कधी, आणि मला खरंच वाटतं की हा रकाना जगातल्या प्रत्येक अशा घरात भरला जावा.

आता इथे सगळं छान आहे असं समजू नका. हा प्लॅन जास्त करून कोर्टात नुकसानभरपाईची केस असते तेव्हाच बनतो, बाकीच्यांना कोण करून देणार? मेडिकेअर ही सरकारी योजना अपंगत्वाचे पैसे चालू झाल्यावर 24 महिन्यांनी लागू होते आणि घरी राहून नुसती देखभाल करणाऱ्या माणसाचे पैसे देतच नाही. ते मेडिकेड ही कमी पैसेवाल्यांसाठीची दुसरी सरकारी योजना देते, पण त्यासाठी अपंग माणसाच्या नावावर बऱ्याचदा 2,000 डॉलरच्या वर बचत चालत नाही. म्हणून आजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावावर पैसे ठेवले तर त्याची मदतच बंद पडू शकते! त्यावर स्पेशल नीड्स ट्रस्ट करतात, पैसे ट्रस्टचे, खर्च मुलासाठी. 2014 च्या कायद्याने एबल नावाचं खातंही आलं, त्यात मदत न गमावता बचत ठेवता येते, ते आधी 26 वर्षांच्या आत अपंगत्व आलं असेल तरच उघडता यायचं, 2026 पासून ती मर्यादा 46 केलीय. लहान मुलांचं आणखी वेगळं, शाळेतून मिळणारी थेरपी साधारण 21 व्या वर्षापर्यंत आणि मग एकदम काहीच नाही, म्हणून त्या वर्षाची तयारी खूप आधीपासून करावी लागते.

यातली एक गोष्ट मात्र वकील नसला, पैसे नसले तरी कोणालाही करता येते. इथे आईवडील एक पत्र लिहून ठेवतात, पुढे जो कोणी सांभाळेल त्याच्यासाठी. औषधं, डोस, डॉक्टरांचे नंबर तर असतातच, पण त्याहून मोलाचं म्हणजे दुखतंय हे बोलता येत नसेल तर तो चेहरा कसा करतो, घास केवढा द्यायचा म्हणजे ठसका लागत नाही, कोणत्या कुशीवर झोप लागते, अनोळखी माणसाने आधी काय केलं की तो घाबरत नाही. हे सगळं आत्ता फक्त एका माणसाच्या डोक्यात आहे. घरी असं कोणी असेल तर ते आजच लिहायला घ्या, मग ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या, आणि एक दिवस सगळं त्यालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा पण बोलू नका. काय लिहायचं राहिलंय ते जेवायच्या वेळेपर्यंत कळेल.