आजीचे ल्युबेक

माझी आजी उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकची. लग्न करून ती पुण्यात आली आणि अखेरपर्यंत पुण्याचीच होऊन राहिली. या मे महिन्यात बाबा, मी आणि माझी दोन्ही मुले प्रथमच तिच्या गावी गेलो. बाबांची मामेबहीण आम्हांला घ्यायला स्थानकावर आली होती. तिला पाहताच बाबा थबकले, कारण तिची हनुवटी थेट आजीची होती.

पणजोबांच्या कबरीवर फुले वाहावीत, अशी बाबांची फार इच्छा होती. परंतु जर्मनीत कबरीची जागा सहसा कायमची नसते. साधारण २० ते ३० वर्षांची मुदत संपल्यावर ती पैसे भरून वाढवून घेतली नाही, तर दगड हलवून जागा मोकळी केली जाते. आत्याने दाखवलेल्या जागी नुसते गवत होते. बाबांनी फुले तिथेच ठेवली.

नंतर आम्ही मारियनकिर्शे या चर्चमध्ये गेलो. २८ मार्च १९४२ च्या रात्री सुरू झालेल्या बॉम्बहल्ल्यात मनोऱ्यावरून कोसळलेल्या घंटा तिथे आजही पडल्या जागी, फुटक्या अवस्थेतच जपून ठेवल्या आहेत. आजी त्या रात्रीविषयी कधीही बोलली नाही; दिवाळीत फटाके सुरू झाले, की ती मात्र आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेई. त्याचे कारण मला त्या घंटांपाशी उभी असताना उमगले.

निघताना आत्याने ल्युबेकच्या प्रसिद्ध मार्झिपानचा डबा हाती दिला. धाकट्याने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "आई, ही तर पणजीची बदामवडी!"