दीड मीटर कोरी भिंत

एका कलादालनात चित्रे लावण्याचे, त्यांच्यावर दिवे साधण्याचे आणि प्रदर्शन संपल्यावर ती सुखरूप उतरवून देण्याचे काम मी करतो. बहुतेक चित्रकार चित्रे आणतात, भिंतीला टेकवून ठेवतात आणि "तुम्हाला योग्य वाटेल तशी लावा" असे सांगून निमंत्रणांच्या मागे लागतात. या चित्रकर्तीने मात्र दालनाचा एकास वीस प्रमाणातला आराखडा सोबत आणला होता. प्रत्येक चित्राची जागा त्यात रंगीत कागदाचा तुकडा चिकटवून दाखवलेली होती आणि दोन चित्रांमधले अंतर कुठे ३० सेंटिमीटर, कुठे ७०, तर एका ठिकाणी तब्बल दीड मीटर लिहिलेले होते. त्या तिशीच्या पुढच्या आहेत, ऑटिझमचे निदान मोठेपणी झालेले आहे आणि हे त्यांचे पहिलेच एकल प्रदर्शन होते. सोबत त्यांची थोरली बहीण होती. तिला त्या ताई म्हणत, म्हणून दिवसभरात आम्हीही ताईच म्हणू लागलो.

चित्रांना हात लावण्याआधीच काम अडले. दालनात पाऊल टाकताच त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि डावीकडच्या रांगेतले दोन दिवे लुकलुकत आहेत असे सांगितले. मला आणि माझ्या सहकाऱ्याला ते दिवे अगदी स्थिर दिसत होते. तेव्हा त्यांनी मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावून दिव्यांसमोर धरला आणि पडद्यावर उजेड भराभर कमी-जास्त होताना स्पष्ट दिसला. मंद केलेला एलईडी दिवा पुष्कळदा खऱ्या अर्थाने मंद होतच नाही. तो सेकंदाला शंभर किंवा त्याहून अधिक वेळा बंद-चालू होतो आणि बंद राहण्याचा काळ वाढला की आपल्याला उजेड कमी झाल्यासारखा वाटतो. बहुतेकांच्या डोळ्यांना ही उघडझाप कळत नाही, पण काहींचे डोके मात्र त्याने दुखते. उजेड, आवाज, स्पर्श यांची अशी तीव्र जाणीव अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना असते आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेने २०१३ साली तिचा निकषांतही समावेश केला.

इलेक्ट्रिशियनने दिवे मंद करणारा डिमर तपासला, तो त्या जातीच्या दिव्यांना जुळणारा नव्हता. दुसरा तातडीने मिळण्यासारखा नसल्याने आम्ही डिमरच काढून टाकला, दिवे पूर्ण उजेडावर ठेवले, चित्रांपासून मागे सरकवले आणि त्यांच्या तोंडाशी बारीक जाळ्या बसवल्या. उजेड मोजणारे लक्समीटर हाती घेऊन कॅनव्हासवर २०० लक्सच्या आसपास आणि कागदावरच्या चित्रांवर ५० लक्स एवढा उजेड साधेपर्यंत दुपार उलटली. उद्घाटन दुसऱ्या दिवशी असल्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता. त्या मात्र एका कोपऱ्यात, कानांवर हेडफोन लावून, शांतपणे आराखड्यातले आकडे पुन्हा पडताळत होत्या.

आता चित्रांविषयी. ॲक्रिलिकमधली ही चित्रे दुरून अत्यंत भडक वाटतात: लिंबाचा पिवळा, झळझळीत नारिंगी, मोरपंखी, जांभळा. पण चित्र लावताना ते आपल्या नाकासमोर असते आणि तेव्हा वेगळेच काही दिसते. कोणतेही दोन रंग एकमेकांना चिकटलेले नव्हते. त्यांच्यामध्ये जेमतेम दोन मिलिमीटरची कोऱ्या कॅनव्हासची रेघ सोडलेली होती. ती पट्टीने आखलेली नव्हती, चिकटपट्टी लावून राखलेलीही नव्हती, तर दोन्ही बाजूंनी ब्रश तिथपर्यंत आणून थांबवलेला होता. असा हात थांबवणे सोपे नसते. कॅनव्हासच्या विणीत रंग सहज ओढला जातो, आणि तो कुठे ओढला गेला असता तर दिसलाच असता. फक्त एका मोठ्या चित्रात लाल आणि हिरवा एकमेकांना थेट भिडवले होते. दोन्हींचा उजळपणा सारखा ठेवल्यामुळे त्यांची कड थरथरल्यासारखी दिसे आणि त्यासमोर फार वेळ उभे राहवत नसे. आराखड्यात हे चित्र बाहेर पडण्याच्या दाराशेजारी होते. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "ते पाहिल्यावर माणसाला बाहेर जाता आले पाहिजे."

रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो, ही गोष्ट चित्रकारांना जुनीच आहे. पॅरिसच्या गोबेलँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ काळ्या धाग्याच्या तक्रारींचा माग काढताना याच निष्कर्षाला आले की दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता, आणि १८३९ साली त्यांनी हे सविस्तर मांडले. आमच्या चित्रकर्तीने शेव्रल वाचला होता. तरीही दीड मीटरची ती जागा मला समजेना. दालनाची भिंत म्हणजे आमच्या दृष्टीने पिकाऊ जमीन. तिचा एवढा तुकडा पडीक का ठेवायचा? तिथे एक मध्यम आकाराचे चित्र सहज बसेल असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, "तिथे चित्र आहेच. तुम्ही आधी पिवळ्यासमोर उभे राहा." मी उभा राहिलो. चित्राच्या मध्यभागी एक पिवळे वर्तुळ होते; त्यावर अर्धा मिनिट नजर न हलवता ठेवायला त्यांनी सांगितले आणि मग कोऱ्या भिंतीकडे पाहायला लावले. पांढऱ्या भिंतीवर फिकट निळसर-जांभळे वर्तुळ उमटले, क्षणभर तरंगले आणि विरून गेले. नजर एकाच रंगावर खिळली की त्या रंगाला मिळणारा डोळ्याचा प्रतिसाद थकतो आणि मग पांढऱ्यावर त्याचा विरोधी रंग दिसतो, हे शाळेत शिकलेले असते; पण त्यासाठी भिंत राखून ठेवलेली मी प्रथमच पाहत होतो. त्या भिंतीवरचे दोन जुने खिळे आम्ही लगेच काढले, भोके बुजवली आणि एक हात पांढरा दिला.

एरवी आम्ही चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर धरतो, तो त्यांनीही मान्य केला. उरलेले काम लेव्हल आणि फुटपट्टी यांचेच होते आणि ते संध्याकाळी उशिरा संपले.

दर्शनी भिंतीवरच्या निवेदनावरून मात्र थोडी ओढाताण झाली. प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्यांना ऑटिझमचा उल्लेख पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत हवा होता. ताईंना तो अजिबात नको होता. चित्रकर्तीने तिसरीच वाट काढली: निवेदन फक्त रंगांविषयी, आणि दाराजवळ एक छोटी पाटी, की "मी ऑटिस्टिक आहे, म्हणून या दालनात संगीत नाही, माइक नाही आणि पहिला तास सकाळी शांत पाहण्यासाठी राखीव आहे." माझ्या मते त्यांचे बरोबर होते. ज्या गोष्टीने दालनाची व्यवस्था बदलली तिथे ती सांगितली. चित्रांची किंमत वाढवण्यासाठी किंवा त्यांच्याकडे कौतुकाने बोट दाखवण्यासाठी ती वापरली नाही.

उद्घाटनाला भाषणे झाली नाहीत. गर्दी चांगली होती, आणि गर्दीत जे होते तेच झाले: लोक चित्रकर्तीसमोर उभे राहून प्रश्न ताईंना विचारत. "यांना हे कोणी शिकवले?", "या एका जागी किती वेळ बसू शकतात?" ताई प्रत्येक वेळी हसून म्हणत, "तिलाच विचारा, ती इथेच आहे." एका गृहस्थांनी स्टीफन विल्टशायर या ऑटिस्टिक ब्रिटिश चित्रकाराचे उदाहरण दिले. विल्टशायर यांनी २००५ साली हेलिकॉप्टरमधून पाहिलेल्या टोकियोचे भलेमोठे दृश्य नुसत्या स्मरणातून रेखाटले होते, तेव्हा याही तसेच स्मरणातून रंगवतात का, असे त्या गृहस्थांनी विचारले. चित्रकर्ती म्हणाल्या, "मला इथे येण्याचा रस्तासुद्धा लक्षात राहत नाही, ताईच घेऊन येते. रंग मात्र मी वहीत नोंदवून ठेवते." गृहस्थ जरा हिरमुसले. ऑटिस्टिक माणसाकडे काहीतरी अलौकिक शक्ती असलीच पाहिजे, ही अपेक्षा कौतुकाची असली तरी ओझेच असते. अशी विलक्षण क्षमता असणारे थोडेच, आणि प्रस्तुत प्रकरणी जे विलक्षण होते ते भिंतीवर टांगलेले होते.

अभ्यासू प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला: मधल्या पांढऱ्या रेघा काढून टाकल्या तर काय होईल? त्यासाठी चित्रकर्ती तिला दाराशेजारच्या लाल-हिरव्या चित्रापाशी घेऊन गेल्या आणि दोघी तिथे बराच वेळ बोलत राहिल्या.

संध्याकाळी एका दांपत्याने पिवळ्या वर्तुळाचे चित्र घ्यायचे ठरवले. त्यावर चित्रकर्तीने विक्रीच्या कागदात एक अट घालायला लावली, ती मी आमच्या छापील नमुन्यात हाताने लिहिली: चित्राच्या उजवीकडे दीड मीटर भिंत पांढरी आणि मोकळी ठेवावी. एखाद्या कलावंताने खरेदीदाराच्या घरातली भिंतही मागून घेतल्याचे मी याआधी पाहिले नव्हते आणि ती अट कायद्याने कितपत टिकेल याविषयी मला शंकाच आहे. दांपत्याने सही न करता मोजमाप घेऊन कळवतो असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला की चित्राची जागा ठरली आहे, पण उजवीकडे पुस्तकांचे कपाट येते, आणि ते कुठे हलवायचे यावर घरात अजून एकमत झालेले नाही; तोवर चित्र राखून ठेवता येईल का?