उपचारांचा क्रम
आज दंतवैद्यक शिकणाऱ्या धाकट्या बहिणीची उपचार-नियोजनाची परीक्षा झाली आणि सदाशिव पेठेतल्या घरी परतल्यापासून तिला एकाच प्रश्नाने घेरले आहे. हिरड्यांचा आजार असलेल्या मधुमेही रुग्णाच्या खालच्या दाढेचे रूट कॅनाल तिने आधी घेतले, कारण तेथे असह्य ठणका होता. मात्र खोल साफसफाईनंतर ४ ते ६ आठवड्यांनी हिरड्यांची फेरतपासणी करून मगच कायमचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारा कृत्रिम दात, बसवावा, हे लिहिले की राहिले, ते तिला काही केल्या आठवत नाही. वेदनेला अग्रक्रम देणे योग्यच होते, असे मी तिला ठामपणे सांगितले. तरीही जेवणाचे ताट बाजूला सारून ती वहीच्या मागच्या पानावर तोच क्रम पुन्हा मांडते आहे. रक्तातील साखरेचा अहवाल मागवल्याचे तिने स्पष्ट लिहिले आहे. त्याचे गुण तरी तिला मिळायलाच हवेत.