चिंगीची लसीची वही

चिंगी आमच्या सोसायटीमागच्या बांधकामावर वाळूच्या ढिगात सापडली. कुत्रीचं पिल्लू, गावठी, काळं-पांढरं, आईचा पत्ता नाही. डॉक्टरांनी दात बघून वय दीड-दोन महिने ठरवलं, जंताचं औषध दिलं आणि लसीला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

लस म्हणजे 'सेव्हन इन वन', एकाच सुईत बऱ्याच आजारांवरची. एका कुपीत तळाशी चिकटलेली पांढरी वडी, दुसऱ्या कुपीत पातळ द्रव. सुईनं तो द्रव वडीवर सोडायचा, हलवायचं आणि मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून टोचायचं. मग कुपीवरचं स्टिकर सोलून वहीत चिकटवलं जातं. ते मी दरवेळी वाचते: नाव, बॅच, मुदत.

तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीच लस म्हटल्यावर सासूबाई वैतागल्या, "एकच लस किती वेळा टोचायची? पैसे काढायचे धंदे!" डॉक्टरांचं उत्तर मला पटलं. आईच्या चिकातून पिल्लाला संरक्षण मिळतं, पण तेच लसीलाही निकामी करतं. ते कधी ओसरेल, हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून डोस देत राहायचं आणि शेवटचा १६ आठवडे झाल्यावर. लोक नेमका हाच बुडवतात, कारण तोवर पिल्लू चांगलं उड्या मारत असतं. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलला दाद देत नाही, ब्लीच लागतं. म्हणून शेवटचा डोस होईपर्यंत आम्ही चिंगीला रस्त्यावर उतरवलंच नाही, कडेवर घेऊन रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला सगळं दाखवलं. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर दिली.

एका डोसनंतर संध्याकाळी तिचं थोबाड पुरीसारखं टम्म फुगलं, डोळे बारीक झाले. धावत दवाखाना गाठला, एका इंजेक्शननं उतरलं. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत तशी नोंद आहे आणि तेव्हापासून लस झाली की अर्धा तास आम्ही दवाखान्यातच बसतो. (चिंगी तेवढ्या वेळात सगळ्या मांजरांवर भुंकून घेते.)

मध्यंतरी घर बदललं तेव्हा जवळचा दवाखाना गाठला, तर तिथे लस टेबलाच्या खणातून निघाली. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. मी वही उचलली आणि जुन्या डॉक्टरांकडे परत गेले, लांब पडलं तरी.

खरा गोंधळ पुढच्या वर्षांचा. 'दरवर्षी बूस्टर' हे अर्धंच खरं. पहिल्या वर्षाचं बूस्टर झालं की डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिस या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांपासूनचं संरक्षण टिकतं. जागतिक मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नाही. लेप्टोचं तसं नाही. उंदराच्या मुतानं पसरणारा हा आजार पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही, आणि लसीचा जोर वर्षभरच. रेबीज आपल्याकडे दरवर्षीच. त्याच्या दाखल्याशिवाय महापालिका श्वान परवाना देत नाही. म्हणून दवाखान्यात मी "लस द्या" असं म्हणत नाही, "यंदा कुठली आणि का?" असं विचारते. चांगला डॉक्टर चिडत नाही.

आता चिंगी म्हातारी झाली आहे, मागचे पाय धरतात. शेजारचे काका म्हणाले, "या वयात कशाला सुया? घराबाहेर तरी किती जाते!" पण गेल्याच वर्षी गेटपाशी एका भटक्या कुत्र्यानं तिचा कान फाडला. लस चालू होती, तरी डॉक्टरांनी जखम साबणानं भरपूर धुऊन लगेच रेबीजचा बूस्टर दिला. पार्व्हो-डिस्टेंपरसाठी या खेपेला आधी रक्तातल्या अँटीबॉडी तपासल्या. तपासणी लसीपेक्षा महाग पडली, पण आकडे चांगले निघाले, ती सुई वाचली. रेबीज आणि लेप्टो मात्र चालूच. लेप्टोची तारीख ऑगस्टात येत होती, ती डॉक्टरांना विचारून मी मे महिन्यात ओढून घेतली आहे, पावसाआधी.